छोट्या पेटीतला गेमिंग कॉम्प्युटर: आधी वॅट मोजा, मग प्रोसेसर निवडा

दोन वर्षांपूर्वी गणपतीत भाचा मुंबईहून कुडाळला आला, तो मोबाईलमध्ये एक यादी घेऊनच. "मामा, माका बारको कॉम्प्युटर होयो. फुडल्या गणपतीक वांगडाच घेवन येतलंय," म्हणाला. मुंबईत तिघांत एक खोली, टेबलावर जागा वीतभर, आणि सुट्टीत गावी आल्यावरही गेम खेळायचे, म्हणजे मागणी रास्तच होती. घोटाळा यादीत होता. कोअर आय७ १४७०० प्रोसेसर, त्याला शोभेल असा महागडा मदरबोर्ड, आणि हे सगळं दहा लिटरच्या पेटीत. प्रोसेसरच्या माहितीत ६५ वॅट लिहिलंय, तेव्हा तो थंडच चालणार, असा त्याचा हिशेब.

मी सिंधुदुर्गात कॉम्प्युटर जुळवायचं आणि दुरुस्तीचं काम करतो. अशा याद्या माझ्याकडे सतत येतात आणि बहुतेक एकाच जागी चुकतात: सुरुवात प्रोसेसरच्या नावापासून होते. छोटा कॉम्प्युटर उलट्या बाजूनं जुळवावा लागतो. आधी पेटी ठरवायची. ती पेटी किती उष्णता बाहेर टाकेल ते बघायचं. त्यात बसेल तो प्रोसेसर घ्यायचा, आणि त्या प्रोसेसरला पुरेल तेवढाच मदरबोर्ड.

पेटीचं माप लिटरमध्ये सांगतात. नेहमीची उभी पेटी चाळीस-पन्नास लिटरची असते; वीस लिटरच्या आतली ती छोटी. पंधरा किलो तेलाचा पत्र्याचा डबा डोळ्यांपुढे आणा. तो साधारण सोळा-सतरा लिटरचा असतो. तेवढ्यात प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, पॉवर सप्लाय आणि पंखे बसवायचे आहेत.

कॉम्प्युटर जेवढी वीज खातो तेवढी जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. म्हणजे गेम चालू असताना ३०० वॅट खाणारा कॉम्प्युटर हा ३०० वॅटचा हीटरच. ज्यानं आंब्याची आढी घातली आहे त्याला पुढचं लगेच कळेल. गवतात रचलेल्या आंब्यांत चार दिवसांनी हात घातला की मधल्या थरात ऊब लागते, कडेचा आंबा गार असतो. आंबे एकाच झाडाचे, पण मधल्याची ऊब बाहेर पडायला वाट नाही. छोट्या पेटीत प्रोसेसर त्या मधल्या आंब्याच्या जागी असतो. डोक्यावर जागा कमी म्हणून कूलर बुटका, शेजारी ग्राफिक्स कार्ड स्वतःची दीडशे-दोनशे वॅट उष्णता सोडतंय, आणि मे महिन्यात आपल्याकडे आत येणारी हवाच ३३-३४ अंशांची. तापमान ९५ ते १०० अंशांच्या घरात गेलं की आजचे बहुतेक प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतात. मग ज्या वेगाचे पैसे मोजले तो वेग मिळतच नाही. पंखा मात्र रात्रभर घोंगावत राहतो.

आता ते ६५ वॅट. इंटेलच्या प्रोसेसरवर हा आकडा मूळ वेगाचा असतो. जोर लावायची वेळ आली की प्रोसेसरला त्याच्या किती तरी वर जायची मुभा असते, आणि ती मर्यादा कंपनीच्या माहितीत कमाल टर्बो पॉवर या नावानं वेगळी दिलेली असते. भाच्याच्या यादीतल्या कोअर आय७ १४७०० ची ती मर्यादा २१९ वॅट आहे. कोअर आय५ १२४००एफवरही ६५ च लिहिलेलं असतं, पण त्याची वरची मर्यादा ११७. एएमडीच्या एएम५ सॉकेटवर (सॉकेट म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) हिशेब सोपा आहे: लिहिलेल्या आकड्याची सुमारे १.३५ पट. ६५ चे ८८ होतात, १०५ चे १४२, १२० चे १६२. यादी करताना वरचा आकडाच लिहा, खालचा खोडून टाका.

गेम खेळताना प्रोसेसर सहसा त्या वरच्या आकड्याला जात नाही, हे खरं. पण गेम पहिल्यांदा उघडताना शेडर, म्हणजे चित्र रंगवायच्या सूचना, तयार होत असतात तेव्हा, किंवा व्हिडिओ रेंडर करताना, तो सगळे कोअर, म्हणजे आतले काम करणारे सगळे भाग, पणाला लावतो. माझा अनुभवाचा हिशेब असा: कूलरला जेमतेम ४०-५० मिलिमीटर उंची मिळणार असेल तर ८८ वॅटच्या वर जाऊ नका. अठरा-वीस लिटरच्या पेटीत १५० मिलिमीटर उंचीचा उभा कूलर मावत असेल, तर १४०-१६० वॅटचा प्रोसेसरही सुखानं नांदतो.

एवढ्या कमी वॅटमध्ये गेम चालतील का, ही पुढची शंका. त्यासाठी कॉम्प्युटरमध्ये कोण काय करतं ते बघू. मासेमारीच्या ट्रॉलरवर तांडेल ठरवतो बोट कुठे न्यायची, जाळं कधी टाकायचं. ओढायचं काम खलाशांचं. प्रोसेसर तांडेल, ग्राफिक्स कार्ड खलाशी. शत्रू कुठे पळाला, गोळी कशाला लागली, पुढच्या चित्रात काय काय दिसायला हवं हे प्रोसेसर ठरवतो; ते चित्र ठिपक्या-ठिपक्यानं रंगवतं ग्राफिक्स कार्ड. खलाशी चारच असतील तर तांडेलानं कितीही भराभर हुकूम सोडले तरी जाळं त्यांच्याच वेगानं वर येणार. उलट तांडेल मंद असेल तर दहा खलाशी हात चोळत बसतील. मोठ्या पडद्यावर, भारी चित्रांचे गेम खेळणाऱ्याचं काम खलाशांवर अडतं. साध्या १०८० रिझोल्यूशनवर व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक असे चपळ गेम खेळणाऱ्याचं तांडेलावर अडतं. तुम्ही नक्की काय खेळता, हे दुकानदाराला सांगण्याआधी स्वतःशी स्पष्ट करा.

सहा कोअरचा बरा प्रोसेसर आज बहुतेकांना पुरतो. छोट्या पेटीसाठी मी सगळ्यात जास्त वेळा सुचवलेला प्रोसेसर म्हणजे एएमडीचा रायझन ५ ७६००. सहा कोअर, बारा थ्रेड, कमाल ८८ वॅट, आणि आत लहानसं ग्राफिक्सही आहे. ते गेमसाठी अपुरं, पण कार्ड बिघडलं तर पडद्यावर चित्र तरी येतं, आणि बिघाड कशात आहे ते घरच्या घरी ओळखता येतं. कार्ड दुरुस्तीला मुंबई-पुण्याला पाठवून आठवडे थांबावं लागणाऱ्या माणसाला ही सोय फार मोठी आहे. म्हणूनच नावाच्या शेवटी एफ असलेले प्रोसेसर गावाकडच्या माणसानं विचार करून घ्यावेत. एफ म्हणजे आतलं ग्राफिक्स नाही. थोडे पैसे वाचतात, पण कार्ड गेलं की पडदा काळा.

हात मोकळा असेल तर एक्स३डी नावाचे प्रोसेसर बघा. रायझन ७ ७८००एक्स३डी हा त्यातला २०२३ साली आलेला. याची गंमत समजून घेण्यासारखी आहे. आमटीला फोडणी देताना मोहरी-हळद मिसळणाच्या डब्यातून हाताला लागली तर काम झटपट होतं. दर चिमटीला माळ्यावर चढावं लागलं तर तेल जळून जाईल. प्रोसेसरचा मिसळणाचा डबा म्हणजे कॅश मेमरी आणि माळा म्हणजे रॅम. साध्या ७६०० मध्ये हा तिसऱ्या पातळीचा कॅश ३२ एमबी आहे. ७८००एक्स३डीमध्ये प्रोसेसरच्या चकतीवर आणखी एक थर चढवून तो ९६ एमबी केला आहे. गेमला लागणारी माहिती हाताशी राहते, माळ्यावरच्या फेऱ्या कमी होतात. त्यामुळे गेममध्ये तो बरेचदा पन्नास ते ऐंशी वॅटमध्येच काम भागवतो, कागदावरची मर्यादा १६२ असली तरी. वेग जास्त आणि ऊब कमी असं एकत्र क्वचितच मिळतं, आणि छोट्या पेटीला नेमकं तेच हवं असतं.

याच्या उलट टोकाला, ज्याच्याकडे कार्डासाठी पैसे नाहीत त्याच्यासाठी रायझन ५ ८६००जी आहे. त्याच्या आतलं ग्राफिक्स जोरकस, हलके गेम कार्डाशिवाय चालतात. दोन गोष्टी लक्षात ठेवा. आतलं ग्राफिक्स रॅमवरच जगतं, म्हणून रॅमची एकच पट्टी लावू नका, दोन लावा. आणि पुढे मोठं कार्ड बसवायचा बेत असेल तर हा प्रोसेसर मागे पडतो: कॅश १६ एमबीच, आणि कार्डासाठी सोळाऐवजी आठच लेन, म्हणजे माहितीच्या वाटा निम्म्याच. दोन वर्षांत कार्ड घेणारच असाल तर ७६०० घेऊन तोवर कळ काढलेली बरी.

जास्त वॅटचा प्रोसेसर आधीच घरात असेल तरी घाबरायचं कारण नाही. एएम५ बोर्डांच्या बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या मूळ प्रोग्रॅममध्ये, इको मोड मिळतो. १०५ वॅटच्या प्रोसेसरला ६५ वॅटच्या इको मोडवर टाकलं की मर्यादा १४२ वरून ८८ वर येते, आणि गेममध्ये फरक फारच थोडा जाणवतो. शेवटच्या थोड्या वेगासाठी प्रोसेसर बेसुमार वीज खातो. तेवढा वेग सोडला की बरीचशी ऊब जाते. इंटेलच्या बऱ्याच बोर्डांवरही अशी मर्यादा हातानं घालता येते.

जुना प्रोसेसर घेणाऱ्यांसाठी एक सावधगिरी. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरांत जास्त व्होल्टेजमुळे हळूहळू खराबी येत असल्याचं २०२४ मध्ये कंपनीनं मान्य केलं, बायोसमार्फत सुधारणा दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. सुधारणा पुढचं नुकसान टाळते, झालेलं भरून काढत नाही. तेव्हा या पिढ्यांचा, नावाच्या शेवटी के असलेला जुना प्रोसेसर स्वस्तात मिळतोय म्हणून लगेच उचलू नका.

प्रोसेसर ठरला की सॉकेट आपोआप ठरतो, आणि सॉकेटवरून बोर्ड किती वर्षं उपयोगी पडेल ते कळतं. एएम५ हा २०२२ साली आला आणि २०२७ पर्यंत व पुढेही त्यावर नवे प्रोसेसर देऊ असं एएमडीनं जाहीर केलं आहे. इंटेलचा एलजीए १७०० हा १२, १३ आणि १४ या तीन पिढ्यांपुरता होता. २०२४ मध्ये एलजीए १८५१ आला. आपल्याकडे बोर्ड बदलणं म्हणजे नुसता पैसा नव्हे, मुंबईची खेप आणि जुळवणी नव्यानं. म्हणून मी एएम५ कडे झुकतो. एएमडीचा जुना सॉकेट एएम४ अजून मेलेला नाही. घरात डीडीआर४ रॅम पडून असेल तर रायझन ५ ५६०० बसवून अगदी कमी खर्चात काम होतं, फक्त पुढची वाट तिथे संपते.

बोर्डाच्या आकारात लोक उगाच अडकतात. मिनी-आयटीएक्स १७० मिलिमीटर चौरस, मायक्रो-एटीएक्स २४४ मिलिमीटर चौरस. मिनी-आयटीएक्सवर रॅमच्या दोनच खाचा आणि कार्डाची एक. गेमिंगला तेवढं पुरतं. पण तेच सगळं इंचाइंचात कोंबायचं म्हणून तो बोर्ड महाग पडतो. मायक्रो-एटीएक्स मावेल अशा वीस लिटरच्या आसपासच्याही पेट्या मिळतात. कॉम्प्युटर टेबलाखाली एका जागी राहणार असेल तर मायक्रो-एटीएक्स घ्या आणि वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घाला. पाठीवर टाकून रेल्वेनं न्यायचा असेल तरच मिनी-आयटीएक्सचे जादा पैसे वसूल होतात.

चिपसेटच्या, म्हणजे बोर्डावरची पोर्ट आणि लेन सांभाळणाऱ्या चिपच्या, नावांचंही तसंच. एएम५ वर बी६५० किंवा बी८५० पुरे. ए६२० वर प्रोसेसरचा वेग हातानं वाढवता येत नाही, पण ८८ वॅटच्या प्रोसेसरला तोही चालतो. एक्सनं सुरू होणाऱ्या चिपसेटचे जादा पैसे जादा पोर्ट आणि जादा लेनसाठी असतात. छोट्या पेटीत ते लावायला जागाच नसते.

खरी नजर टाकायची ती व्हीआरएमवर. पॉवर सप्लायकडून १२ व्होल्ट येतात, प्रोसेसरला हवा असतो एक-सव्वा व्होल्ट. हा उतार करणारे लहान चौकोनी भाग सॉकेटच्या बाजूला रांगेनं असतात, आणि काम करताना तेही तापतात. बोर्ड हातात घ्या आणि बघा, त्यांच्यावर अॅल्युमिनियमचा जाड, खाचा पाडलेला ठोकळा आहे का. काही स्वस्त बोर्डांवर तो नसतोच, नुसते उघडे भाग. मोठ्या पेटीत वाऱ्यावर ते तगतात, तेलाच्या डब्याएवढ्या जागेत नाही. काही मिनी-आयटीएक्स बोर्डांवर ठोकळ्याच्या आत नाण्याएवढा पंखा असतो. तो मी टाळतो. खारट धुळीनं असले पंखे लवकर जाम होतात आणि तसाच पंखा पुन्हा मिळत नाही.

दुसरी बघायची गोष्ट आपल्या विजेशी बांधलेली आहे: बायोस फ्लॅशबॅक. मागच्या बाजूला एक लहान बटण असतं. पेनड्राइव्हवर फाइल टाकून ते दाबलं की प्रोसेसर नसतानाही बायोस पुन्हा भरता येतो. जूनमध्ये तारेवर फांदी पडली की वीज जाते, आणि नेमकी त्याच वेळी बायोसची सुधारणा चालू असेल तर बोर्ड अर्धवट राहतो, सुरूच होत नाही. माझ्याच हातून एका गिऱ्हाइकाचा बोर्ड असा गेला. फ्लॅशबॅक असता तर दहा मिनिटांचं काम होतं. त्या बोर्डाला दिवाळीपर्यंत वाट बघावी लागली. तेव्हापासून हे बटण नसलेला बोर्ड मी सुचवत नाही, आणि यूपीएसशिवाय बायोसला हात लावत नाही.

आता मिठाबद्दल. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, हे आपल्या प्रत्येक स्वयंपाकघरात दिसतं. हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलंच पाणी ओढून विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते त्याहूनही आधी ओलसर होतात. किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर आर्द्रता बहुतेक वेळ या रेषेच्या वरच असते. वाऱ्यासोबत आलेली खारट धूळ बोर्डावर बसलेली असते. पावसाळ्यात तिचा वीज वाहणारा पातळ थर होतो.

देवगडकडच्या, समुद्रापासून हाकेच्या अंतरावरच्या घरातला एक बोर्ड माझ्याकडे आला होता. मे महिन्यात बंद करून ठेवलेला, गणपतीत उघडला तर सुरू होईना. भिंगाखाली धरला. रॅमच्या खाचेच्या कडेला पांढुरके कण, नेटवर्कच्या पोर्टाच्या पायांवर पोपटी हिरवा साका. रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवरचं सोनं फार पातळ असतं, त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून खालचा धातू गंजतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशनं तासभर घासून, दिवसभर वाळवून बोर्ड सुरू झाला. नेटवर्कचं पोर्ट मात्र कायमचं गेलं.

या बोर्डाचं नुकसान झालं ते बंद असताना. २८ अंशांची, ९० टक्के आर्द्रतेची हवा पेटीत जाऊन ४० अंशांपर्यंत तापली तर तिची आर्द्रता ४५ टक्क्यांच्या आसपास उतरते. पाणी तेवढंच, पण गरम हवेची पाणी धरायची ताकद जास्त. चालू कॉम्प्युटर स्वतःला कोरडा ठेवतो. म्हणून पावसाळ्यात रोज तासभर तरी चालवा. महिनोन्महिने बंद राहणार असेल तर जाड पिशवीत सिलिका जेलसोबत तोंड बांधून ठेवा, आणि मागची न लागणारी पोर्ट रबरी बुचांनी बंद करा. बारीक जाळीची गाळणी असलेली पेटी घ्या, आणि आत हवा ओढणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा एक जास्त लावा, म्हणजे हवा गाळणीतूनच येईल, फटींतून नाही.

रॅमबद्दल थोडक्यात: एएम५ ला डीडीआर५ च्या ६००० वेगाच्या दोन पट्ट्या सगळ्यात मानवतात. चार पट्ट्या लावल्या की वेग उतरतो, त्यामुळे मिनी-आयटीएक्सवर दोनच खाचा आहेत याचं दुःख नको. चिऱ्याच्या जाड भिंतींत वायफाय नीट पोचत नाही, तेव्हा बोर्डावर वायफाय असलं तरी केबलची सोय करून ठेवा.

भाच्याची यादी आम्ही दोन रात्री बसून पुन्हा केली. पेटी अठरा लिटरची, प्रोसेसर ७६००, बोर्ड बी६५० चा मिनी-आयटीएक्स, फ्लॅशबॅकचं बटण असलेला. आय७ चे वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डात गेले. पुढच्या गणपतीत तो खरंच पाठीवर टाकून आला, रात्रभर एसी डब्यात, सकाळी कुडाळ स्टेशनवर. घरात पाऊल टाकल्या टाकल्या वायर शोधायला लागला. मी थांबवलं. एसी डब्यात गार झालेला पत्रा आपल्या दमट हवेत आला की त्यावर पाणी धरतं, फ्रिजमधून काढलेल्या बाटलीसारखं. बाहेर ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर २७ अंशांहून गार असलेल्या प्रत्येक वस्तूवर दव जमतं, बोर्डावरही. बॅग न उघडता माजघरात ठेवली. दुपारची आरती झाली, जेवणं झाली, मग उघडली. पत्रा हाताला कोमट लागला, कोरडा.

बटण दाबलं. पंखे फिरले, पडदा काळाच. एक मिनिट, दोन मिनिटं. भाच्याचा हात बटणाकडे गेला, तो मी धरला. प्रवासात हलल्या असतील म्हणून रॅमच्या पट्ट्या आम्ही काढून पुन्हा घट्ट बसवल्या होत्या, आणि एएम५ चा बोर्ड अशा वेळी रॅमची नव्यानं जुळवाजुळव करतो. त्याला कधी कधी काही मिनिटं लागतात, तेवढ्यात वीज तोडायची नसते. तिसरं मिनिट संपत आलं तेव्हा पडदा उजळला.